फ्लॉपच्या आधी: लहान स्टेकच्या लाइव्ह टेबलावर कोणते हात खेळावेत

पोकरच्या होल्डम प्रकारात हाती येणाऱ्या दोन पानांच्या एकूण १,३२६ जोडण्या होतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा भेद काढून फक्त 'एकाच रंगाची' आणि 'वेगळ्या रंगाची' एवढंच पाहिलं तर १६९ प्रकारचे हात उरतात. नऊ जणांच्या टेबलावर त्यातले बहुतेक न खेळताच टाकायचे असतात. कोणते ठेवायचे, कुठल्या खुर्चीवरून आणि समोर काय घडल्यावर, एवढाच या लेखाचा विषय आहे.

गृहीत धरलेल्या गोष्टी अशा: खेळ नो-लिमिट होल्डम, कॅश गेम, टेबलावर नऊ जण, प्रत्येकापुढे साधारण १०० बिग ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या दोन रकमांपैकी मोठी रक्कम). रक्कम सगळीकडे बिग ब्लाइंडच्या पटीत दिली आहे आणि त्याला 'बीबी' म्हटलं आहे, म्हणजे स्टेक कुठलाही असो, हिशेब तोच. स्ट्रेट मोठा की फ्लश, किकर म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असंही धरलं आहे. एकाच रंगाची दोन पानं म्हणजे सूटेड, वेगळ्या रंगाची म्हणजे ऑफसूट.

ऑनलाइन तक्ते इथे जसेच्या तसे का चालत नाहीत

इंटरनेटवर मिळणारे सुरुवातीच्या हातांचे तक्ते बहुतेक ऑनलाइन खेळासाठी बनलेले असतात. तिथे कुणीतरी अडीच बीबीपर्यंत रेज करतो (रक्कम वाढवतो), एखादा कॉल करतो (तेवढीच रक्कम टाकतो), बाकीचे फोल्ड (पानं टाकून देतात). लहान स्टेकच्या लाइव्ह टेबलावर चित्र वेगळं असतं. तीन-चार जण नुसते ब्लाइंडएवढे पैसे टाकून आत येतात, यालाच लिंप म्हणतात. रेज झालाच तर तो पाच-सहा बीबीचा असतो, आणि त्यालाही दोघं-तिघं कॉल करतात. त्यात प्रत्येक पॉटमधून, म्हणजे त्या डावात जमलेल्या रकमेतून, घराचा रेक (खेळ चालवणाऱ्याचा वाटा) कापला जातो. रेक सहसा टक्केवारीने असतो आणि त्याला वरची मर्यादा असते, म्हणून तो लहान पॉटमध्ये जास्त बोचतो. फ्लॉपच (टेबलावर एकत्र उघडणारी पहिली तीन सामाईक पानं) आला नाही तर बऱ्याच ठिकाणी रेक घेत नाहीत.

यातून हातांच्या निवडीवर तीन परिणाम होतात. लोक फोल्ड करत नाहीत, म्हणून ब्लफसाठी घेतलेले हात इथे पैसे जाळतात. लोक कमजोर हाताने कॉल करतात, म्हणून चांगल्या हाताने मोठा रेज करणं ऑनलाइनपेक्षाही फायद्याचं ठरतं. आणि पॉटमध्ये माणसं जास्त असतात, म्हणून 'बरी जोडी' देणारे हात घसरतात, तर सेट (हातातल्या जोडीला तिसरं पान लागणं), नट फ्लश (सर्वांत मोठा फ्लश) आणि भक्कम किकरची वरची जोडी देणारे हात वर चढतात. पुढे जे काही सांगितलं आहे ते या तिन्हींवरच उभं आहे.

पायरी १: आधी टेबल पाहा, मग पानं

पानं वाटली की लगेच उचलून पाहू नका. तुमची पाळी येईपर्यंत ती झाकलेलीच राहू द्या आणि आधीच्या खेळाडूंकडे लक्ष ठेवा. अनेक जण आपली पानं पाहताक्षणीच चिप्सकडे हात नेतात किंवा पानं फेकायच्या तयारीत धरतात. तुमच्या मागचे दोघं फोल्ड करणार हे आधी दिसलं तर कटऑफवर, म्हणजे बटणाच्या आधीच्या खुर्चीवर, बसूनही तुम्हाला बटणाचा, म्हणजे शेवटी बोलण्याचा, फायदा मिळतो.

पाळी आली की चार गोष्टी याच क्रमाने पाहायच्या: बटण कुठे आहे, माझ्या आधी किती जण आत आले आणि कसे (लिंप की रेज), त्यांच्यापुढे किती चिप्स आहेत, आणि माझ्यामागे बोलायचं कोण कोण शिल्लक आहे. त्यानंतर पानं. हा क्रम उलटा झाला की 'राजा-गुलाम आलाय, खेळायलाच हवा' हे आधी ठरतं आणि बाकीचं त्याला जुळवून घेतलं जातं.

पायरी २: खुर्चीची किंमत

बटण ज्याच्यापुढे असतं तो फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. त्याच्या उजवीकडची खुर्ची कटऑफ. बटणाच्या डावीकडे स्मॉल ब्लाइंड, मग बिग ब्लाइंड, आणि त्यानंतरच्या दोन खुर्च्या म्हणजे पुढची जागा: पहिल्यांदा बोलावं लागतं आणि मागे सात-आठ जण शिल्लक असतात. पुढची जागा आणि कटऑफ यांच्यामधल्या तीन खुर्च्या म्हणजे मधली जागा.

शेवटी बोलणाऱ्याला इतरांचं बोलणं ऐकून निर्णय घेता येतो. फुकट पान हवं असेल तर चेक करता येतं, किंमत लावायची असेल तर लावता येते. पुढच्या जागेवरच्या माणसाला हे सगळं अंदाजाने करावं लागतं. म्हणून दश्शी-नव्वी सूटेड हा बटणावर चांगला हात आहे आणि पहिल्या खुर्चीवर टाकायचा. पानं तीच असतात, पण ती खेळताना मिळणारी माहिती निम्मी होते.

पायरी ३: हातांची घराणी ओळखा

१६९ हात पाठ करण्याची गरज नाही. पाच घराणी ओळखता आली की पुरे.

मोठ्या जोड्या, म्हणजे दश्शीपासून एक्क्यापर्यंत. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते. लाइव्ह टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, तेव्हा ती सरासरी सात-आठ तासांतून एकदा दिसणार. ती आली की पॉट मोठा करायचा आणि माणसं कमी करायची. एका अनोळखी हातासमोर एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात, दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६. जाळं लावतो म्हणून एक्क्यांनी नुसतं लिंप करणारा माणूस स्वतःहून ८५ वरून ५६ वर उतरतो, आणि फ्लॉपवर कुणाला दोन जोड्या लागल्या आहेत हे त्याला कळतही नाही.

लहान आणि मधल्या जोड्या, दुर्रीपासून नव्वीपर्यंत. जोडी हाती असताना फ्लॉपवर तिसरं पान लागण्याची, म्हणजे सेट होण्याची शक्यता सुमारे ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. हे हात स्वस्तात फ्लॉप पाहण्यासाठी असतात. सेट लागला तर समोरच्याचा अख्खा स्टॅक (पुढ्यातल्या सगळ्या चिप्स) मिळू शकतो, नाही लागला तर सोडून द्यायचं.

मोठी सूटेड पानं: एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी, राणी-गुलाम, सगळी एकाच रंगाची. यांच्यात वरच्या जोडीची ताकदही असते आणि फ्लश-स्ट्रेटची शक्यताही.

सूटेड एक्के आणि सूटेड सलग पानं: एक्का-पंजी, नव्वी-अठ्ठी, सत्ती-छक्की असे हात. लहान सूटेड एक्का नट फ्लश देतो, म्हणजे फ्लश लागल्यावर त्याहून मोठा फ्लश दुसऱ्याकडे असूच शकत नाही. राजा-चौकी सूटेडला ही हमी नाही. अनेक जणांच्या पॉटमध्ये तिचा फ्लश लागतो, पॉट फुगतो आणि शेवटी कुणीतरी त्याच रंगाचा एक्का दाखवतो. सूटेड असण्याचं कौतुक नवशिक्यांना फार असतं, पण फ्लॉपवरच पूर्ण फ्लश लागण्याची शक्यता ११८ मध्ये १ आहे. फ्लशला एक पान कमी असणं सुमारे ११ टक्के. त्याच दोन पानांच्या ऑफसूट हातापेक्षा सूटेड हाताची जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांनीच वाढते. हा फरक चांगल्या हाताला आणखी चांगला करतो. भिकार हाताला चांगला करत नाही.

शेवटचं घराणं ऑफसूट मोठ्या पानांचं. लाइव्ह टेबलावर पैसा इथूनच गळतो, म्हणून जरा थांबून पाहू.

ऑफसूट मोठी पानं: दबलेल्या हाताचं गणित

प्रत्येक जोडी ६ प्रकारे येते, प्रत्येक सूटेड हात ४ प्रकारे आणि प्रत्येक ऑफसूट हात १२ प्रकारे. त्यामुळे १,३२६ पैकी ९३६ जोडण्या, म्हणजे दहातले सात हात, ऑफसूट असतात. एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-दश्शी हे सारखे सारखे येतात, चित्रांची पानं म्हणून डोळ्यांना बरे दिसतात आणि खेळले जातात.

एक उदाहरण मोजून पाहा. टेबलावरचा एक घट्ट, म्हणजे मोजकेच हात खेळणारा, खेळाडू पहिल्या खुर्चीवरून ५ बीबीचा रेज करतो. त्याच्याकडे दश्शी किंवा त्याहून मोठी जोडी, एक्का-राजा किंवा एक्का-राणी असेल असं धरू. तुमच्याकडे ऑफसूट एक्का-गुलाम. तुम्ही कॉल करता आणि फ्लॉपवर एक्का येतो, म्हणजे अगदी हवं तेच होतं. आता एक एक्का तुमच्या हातात, एक बोर्डवर (टेबलावरच्या सामाईक पानांत). बोर्डवरची बाकीची दोन पानं बारीक धरली तर समोरच्याकडे एक्का-राजा ८ प्रकारे असू शकतो, एक्का-राणी ८ प्रकारे, एक्क्यांची जोडी १ प्रकारे. हे १७ प्रकार तुमच्या पुढे आहेत. तुम्ही पुढे आहात ते राजांची जोडी ६, राण्यांची ६, दश्शींची ६ आणि गुलामांची ३, अशा २१ प्रकारांच्या. आकडा बरा वाटतो. पण त्या २१ मधला माणूस बोर्डवर एक्का पाहून फार तर एकदा पैसे टाकेल आणि पुढे सोडून देईल. त्या १७ मधला तीनही फेऱ्या बेट करत राहील, आणि तुमच्या हाती वरची जोडी असल्यामुळे तुम्ही कॉल करत राहाल.

याला म्हणतात दबलेला हात: लागला तर मोठा पॉट हरतो, जिंकला तर लहान पॉट जिंकतो. पानाचं एक टोक समोरच्यासारखंच आणि किकर त्याच्यापेक्षा कमी, ही त्याची खूण. राजा-दश्शी, राणी-दश्शी, एक्का-नव्वी यांची गोष्ट याहून वाईट. समोर फक्त लिंप करणारे ढिले, म्हणजे बरेच हात खेळणारे, खेळाडू असतील तर हेच हात मागच्या जागेवरून खेळता येतात, कारण तेव्हा दाबणारे तुम्ही असता: तुमच्या एक्का-गुलामाला एक्का-सत्ती आणि एक्का-चौकी कॉल करतात. म्हणून ऑफसूट हात पाहताना 'हा चांगला आहे का' असं विचारू नका. 'मला कॉल करणाऱ्यांकडे याहून वाईट एक्का असेल की चांगला' असं विचारा.

पायरी ४: तुमच्या आधी सगळ्यांनी फोल्ड केलं असेल तर

नियम सरळ आहे: आत यायचं तर रेज करून, नाहीतर फोल्ड. पहिला लिंप कधीच तुमचा नसावा. लिंप करून ब्लाइंड जिंकता येत नाहीत, पॉटचा ताबा मिळत नाही आणि मागच्या सगळ्यांना स्वस्तात आत यायचं आमंत्रण मिळतं.

पुढची जागा: सत्ती आणि त्यावरच्या सगळ्या जोड्या, एक्का-दश्शी ते एक्का-राजा सूटेड, राजा-राणी आणि राजा-गुलाम सूटेड, ऑफसूटमध्ये फक्त एक्का-राजा आणि एक्का-राणी. एकूण ९६ जोडण्या, सव्वासात टक्क्यांच्या आसपास.

मधली जागा: पंजीपासून वरच्या जोड्या, एक्का-नव्वी आणि त्यावरचे सूटेड एक्के, शिवाय एक्का-पंजी सूटेड, राजा-दश्शी आणि राणी-दश्शीपासून वरचे सूटेड, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी सूटेड, ऑफसूट एक्का-गुलाम आणि त्यावरचे, व राजा-राणी. सुमारे १२ टक्के.

कटऑफ: सगळ्या जोड्या, सगळे सूटेड एक्के, राजा-नव्वी, राणी-नव्वी, गुलाम-नव्वीपासून वरचे सूटेड, सत्ती-छक्कीपर्यंतची सूटेड सलग पानं, ऑफसूट एक्का-दश्शी आणि वर, राजा-गुलाम आणि वर, राणी-गुलाम. सुमारे २० टक्के.

बटण: कटऑफची यादी, त्यात राजा-पंजीपासूनचे सूटेड राजे, राणी-अठ्ठी आणि गुलाम-अठ्ठी सूटेड, एक पान सोडून येणारे दश्शी-अठ्ठी, नव्वी-सत्ती, अठ्ठी-छक्की सूटेड, छक्की-पंजी आणि पंजी-चौकी सूटेड, ऑफसूट एक्का-सत्तीपासून पुढे, राजा-दश्शी, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी. सुमारे २८ टक्के.

ऑफसूट हातांचं प्रमाण पाहा. पुढच्या जागेवर ९३६ पैकी २४, बटणावर १५६. सगळ्यात ढिल्या खुर्चीवरसुद्धा सहातला एकच ऑफसूट हात खेळायचा.

रेज किती? टेबल शांत असेल तर ४ बीबी, नेहमीच्या लाइव्ह टेबलावर ५, आणि ५ ला चार-चार जण कॉल करत असतील तर ६ किंवा ७. हात कुठलाही असो, रक्कम तीच ठेवा. एक्क्यांना ८ आणि सूटेड सलग पानांना ४ असा भेद केला तर बाजूचा म्हातारा खेळाडू तासाभरात तुमची पानं वाचू लागतो.

खरं सांगायचं तर या यादीचा वापर तुम्हाला वाटतो तितका होणार नाही. कटऑफ किंवा बटणापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं असं लहान टेबलावर क्वचितच घडतं. रोजचं काम पुढच्या पायरीत आहे.

पायरी ५: समोर लिंपर असतील तर

एक किंवा दोन लिंपर असतील आणि तुम्ही मधल्या किंवा मागच्या जागेवर असाल, तर चांगल्या हाताने रेज करून त्यांना वेगळं काढायचं. माप: ५ बीबी, अधिक प्रत्येक लिंपरमागे १ बीबी. ब्लाइंडमधून रेज करत असाल तर आणखी १-२ बीबी, कारण फ्लॉपनंतर आधी तुम्हालाच बोलावं लागणार. दोन लिंपर असतील तर ७ बीबी. तीन बीबीचा लाजरा रेज केलात तर सगळे कॉल करतील आणि तुम्ही पाच जणांच्या फुगलेल्या पॉटमध्ये अडकाल.

यासाठीचे हात: अठ्ठीपासून वरच्या जोड्या, एक्का-दश्शी सूटेड आणि वर, ऑफसूट एक्का-गुलाम आणि वर, राजा-राणी दोन्ही प्रकारचा, राजा-गुलाम सूटेड. तुम्ही बटणावर असाल आणि समोर एकच ढिला लिंपर असेल तर ऑफसूट एक्का-दश्शी, राजा-गुलाम आणि राणी-गुलाम सूटेडही चालतात.

तीन किंवा अधिक लिंपर असतील तर यादी आखडा आणि रक्कम वाढवा. दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-राणी आणि वर, एक्का-गुलाम व राजा-राणी सूटेड, एवढ्यांनीच रेज, आणि तो ८ ते १० बीबीचा. लहान जोड्या, सूटेड एक्के आणि सूटेड सलग पानं घेऊन मागच्या जागेवरून त्यांच्यामागे लिंप करायला हरकत नाही. स्वतःहून पहिला लिंप टाळायचा आणि तीन जणांच्या मागे करायचा, यात विसंगती नाही. इथे पॉटमध्ये पैसे आधीच आहेत, जागा तुमची आहे आणि तुमचा हात बऱ्याच माणसांत खुलणारा आहे. ऑफसूट राजा-दश्शी या यादीत नाही, कितीही लिंपर असले तरी.

एक सावधगिरी: घट्ट, जुना खेळाडू पहिल्या खुर्चीवरून लिंप करतो आणि कुणी रेज केल्यावर तोच पुन्हा मोठा रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे जवळजवळ नेहमी एक्के किंवा राजे असतात. राण्यांची जोडी असली तरी फोल्ड करायचा विचार करा.

पायरी ६: समोर रेज झाला असेल तर

कोणी केला आणि कुठून केला, हे तुमच्या पानांइतकंच महत्त्वाचं आहे.

घट्ट खेळाडूचा पुढच्या जागेवरून रेज: राजे आणि एक्के घेऊन पुन्हा रेज करा. राण्या, गुलाम आणि एक्का-राजा घेऊन कॉल चालतो. एक्का-राणी सूटेड, एक्का-गुलाम सूटेड आणि राजा-राणी सूटेड घेऊन जागा मागची असेल तरच कॉल. बाकी ऑफसूट सगळं फोल्ड, एक्का-राणीसकट. नवशिक्यांना हा फोल्ड सगळ्यात जड जातो. वरचं १७ आणि २१ चं गणित पुन्हा वाचा.

ढिला खेळाडू, जो तीनातला एक हात रेज करतो: दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-राणी आणि वर, एक्का-गुलाम व राजा-राणी सूटेड घेऊन पुन्हा रेज करा. तुम्ही मागे असाल तर त्याच्या रेजच्या तिप्पट, पुढे असाल तर चौपट, आणि मध्ये कॉल करणारे असतील तर प्रत्येकामागे एक मूळ रेज आणखी. म्हणजे त्याने ५ बीबी केले, दोघांनी कॉल केला आणि तुम्ही बटणावर राण्या घेऊन बसला आहात, तर १५ अधिक १०, एकूण २५ बीबी. बिग ब्लाइंडमधून ३०. रक्कम डोळ्यांत भरते, पण कॉल करायची सवय असलेल्यांना २५ देखील फार वाटत नाहीत.

लहान जोड्यांसाठी पंधराचा नियम: कॉलची रक्कम गुणिले १५ एवढ्या चिप्स तुमच्यापुढे आणि समोरच्यापुढेही असायला हव्यात. दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान, तोच मोजायचा. ६ बीबीच्या रेजला समोरच्यापुढे ९० असतील तर छक्कीच्या जोडीने कॉल. ४० असतील तर फोल्ड. सेट साडेआठ वेळांत एकदा लागतो, मग आठ-नऊ पट का पुरत नाही? कारण प्रत्येक सेटला पैसे मिळत नाहीत. कधी समोरच्याला काहीच लागत नाही, कधी बोर्ड भीतीदायक असतो, आणि क्वचित मोठा सेट तुम्हालाच गिळतो.

ऑनलाइन प्रचलित असलेला एक प्रयोग इथे बाजूला ठेवा: एक्का-पंजी सूटेडसारख्या हाताने पुन्हा रेज करून समोरच्याला हाकलणं. हाकलला जाणारा माणूस असेल तरच तो चालतो.

पायरी ७: ब्लाइंडमध्ये बसल्यावर

'माझे पैसे आधीच गेलेत, त्यांचं रक्षण करायला हवं' हा विचार महाग पडतो. ऑनलाइन अडीच बीबीच्या रेजला बिग ब्लाइंडने दीड टाकून ५.५ चा पॉट पाहायचा असतो, म्हणजे २७ टक्के वेळा जिंकणं पुरतं. इथे ५ बीबीच्या रेजला ४ टाकून १०.५ चा पॉट पाहायचा, म्हणजे ३८ टक्के हवेत. त्यातून रेक जाणार, आणि फ्लॉपनंतर आधी बोलायचं ते वेगळंच. एकट्या रेज करणाऱ्यासमोर बिग ब्लाइंडमधून मधल्या जागेच्या यादीइतकंच खेळा.

आधी तिघांनी कॉल केला असेल तर गणित फिरतं. तेव्हा ४ टाकून २५.५ चा पॉट, म्हणजे १६ टक्केही पुरतात. आता सगळ्या जोड्या, सूटेड एक्के आणि सूटेड सलग पानं घेऊन कॉल करा. ऑफसूट राणी-दश्शी तेव्हाही नको. पॉट स्वस्त झाला म्हणून दबलेला हात मोकळा होत नाही.

स्मॉल ब्लाइंड ही टेबलावरची सर्वांत वाईट खुर्ची. लिंपर असताना अर्धा बीबी टाकून आत यायचा मोह होतो. जोडी, सूटेड एक्का, मोठी सूटेड पानं किंवा सूटेड सलग पानं असतील तर या. गुलाम-छक्की ऑफसूट अर्ध्या किमतीतही गुलाम-छक्कीच. सगळ्यांनी फोल्ड करून फक्त दोन ब्लाइंड उरले तर काही ठिकाणी आपापले पैसे परत घेऊन डाव संपवायची पद्धत असते, तिला चॉप म्हणतात. करणार की नाही ते पहिल्याच वेळी सांगा आणि मग पानं बघून बदलू नका.

पायरी ८: तुमच्या रेजवर कुणी रेज केला

लहान स्टेकला पुन्हा रेज करणारा बहुतेकदा खरंच बोलत असतो: राण्या, राजे, एक्के, एक्का-राजा. हे ३४ प्रकार, एकूण हातांच्या २.६ टक्के. तुम्ही ५ केले, त्याने १६. एक्के आणि राजे घेऊन ३८-४० पर्यंत जा. राण्या, गुलाम आणि एक्का-राजा घेऊन मागची जागा असेल तर कॉल. एक्का-राणी फोल्ड. लहान जोडीला ११ आणखी टाकायचे आहेत; पंधराने गुणले तर १६५, तुमच्यापुढे ९५. फोल्ड.

स्टॅक आणि स्ट्रॅडल

पहिल्या खुर्चीवरच्याने पानं पाहण्याआधी २ बीबी टाकले की झाला स्ट्रॅडल. त्या डावापुरता ब्लाइंड दुप्पट होतो आणि तुमचे १०० बीबी ५० सारखे होतात. लहान जोड्या व सूटेड सलग पानं टाका. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी जपा आणि रेजची रक्कमही दुप्पट करा. समोरच्यापुढे ३० बीबीच असतील तेव्हाही असंच: सेट किंवा फ्लश लागून मिळणार काय, तर ३० बीबी.

टेबलावरच्या व्यवहारातले घोटाळे

रेज करायचा असेल तर चिप्सना हात लावण्याआधी मोठ्याने 'रेज' म्हणा. काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर बहुतेक ठिकाणी तो कॉल धरला जातो, आणि एक्के हातात असताना चार जणांत अडकायला होतं. एकदा थोड्या चिप्स, मग पुन्हा मागे जाऊन आणखी, असं केलं तरीही दुसरी खेप ग्राह्य धरत नाहीत. पाळी सोडून फोल्ड करू नका. तुमच्या आधी बोलायचं असलेल्यांना फुकट माहिती मिळते. पानांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर ती टाकलेली समजून ओढून घेऊ शकतो.

नव्या टेबलावर बसताना लगेच पैसे भरून आत यायची घाई नको. बिग ब्लाइंड तुमच्यापर्यंत येईपर्यंत थांबा, किंवा बटण तुमच्या पुढे गेल्यावर कटऑफवरून ब्लाइंड भरून या. तेवढ्या वेळात कोण लिंप करतं, कोण रेज करतं, कोणाच्या चिप्स किती आहेत, हे फुकटात कळतं.

यादी पाळली जाते की नाही हे तपासणं

वर दिलेल्या याद्या पाळल्या तर तासाला चार-पाच हात खेळायला मिळतात, ब्लाइंडमधले फुकटचे फ्लॉप सोडून. कधी दीड तास काहीच येत नाही, आणि त्याच दीड तासानंतर ऑफसूट राजा-नव्वी देखणी दिसू लागते. फोनमध्ये खेळलेल्या प्रत्येक हाताची एक ओळ टिपा: खुर्ची, पानं, समोर काय झालं होतं. निकाल लिहू नका. जिंकलेला वाईट हात लिहिला की तो चांगला वाटायला लागतो. घरी गेल्यावर त्या ओळी यादीशी ताडून पाहा. यादीबाहेरचे हात बहुधा तीन ठिकाणी सापडतात: स्मॉल ब्लाइंडमधले अर्ध्या किमतीचे कॉल, रेजसमोर केलेले ऑफसूट एक्क्यांचे कॉल, आणि सत्राच्या शेवटच्या तासातले लिंप. त्यातलं जे सर्वांत जास्त वेळा दिसेल तेवढंच पुढच्या सत्रात बंद करा, बाकीचं त्यानंतरच्या सत्रात.